नाव लागलं तर नोंद होते : बिळातल्या कोळ्याची गोष्ट

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आज ज्या जीवाबद्दल मी बोलणार आहे, तो घराच्या कोपऱ्यात जाळं विणत नाही आणि आपल्या केरसुणीच्या तडाख्यातही सापडत नाही. जमिनीत बीळ करून राहणारा हा कोळी आहे. त्याच्या निमित्ताने आपल्याला तीन प्रश्न समजून घ्यायचे आहेत. एखादा प्राणी नवा आहे, आजवर कुणाला माहीत नव्हता, हे ठरवतात कसं? त्याला नाव देतात कसं? आणि नाव देऊन त्या बिचाऱ्याचा फायदा काय?

शेवटचा प्रश्न आपल्याला परका नाही. सातबाऱ्यावर नाव असणं आणि नसणं यातला फरक तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. शेतात राबणारी बाई सगळ्या गावाला दिसते. पण कागदावर तिचं नाव नसेल, तर कर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई या सगळ्यांच्या लेखी ती नसतेच. रानातल्या जीवांचंही थेट असंच आहे. नाव नाही तर नोंद नाही, आणि नोंद नाही तर कायद्याचं संरक्षण नाही. ही गोष्ट ऑस्ट्रेलियातली आहे, पण ऐकताना ती आपलीच वाटेल.

झाकणाचं घर

आधी या कोळ्याची ओळख करून घेऊ. इंग्रजीत त्याला ट्रॅपडोअर स्पायडर म्हणतात. आपण झाकणाचा कोळी म्हणू. तो जमिनीत उभं बीळ खणतो. खणायला त्याच्या जबड्याच्या पुढच्या बाजूला जाड, आखूड काट्यांची रांग असते, जणू दाताळंच. बीळ खणून झालं की आतून तो रेशमासारख्या धाग्याचं अस्तर लावतो, म्हणजे भिंतीची माती ढासळत नाही. मग माती आणि धागा एकत्र करून तोंडावर झाकण बसवतो. झाकण एका बाजूने धाग्याच्याच बिजागरीने जोडलेलं असतं. वरून आजूबाजूचीच माती आणि पालापाचोळा. झाकण बंद असलं की तुम्ही शेजारी बसलात तरी दिसणार नाही.

रात्री कोळी झाकण किंचित उचलून दाराशी बसतो. काही जाती बिळाच्या तोंडाभोवती बारीक काटक्या लावतात. मधे बीळ आणि चहूबाजूंना काटक्या, रांगोळीतल्या सूर्यासारख्या. ही सजावट नाही. काटकीवरून मुंगी गेली की तिची थरथर दारात बसलेल्या कोळ्याच्या पायाला कळते. तो झडप घालतो आणि परत आत. जागेवरून न उठता अंगणभर लक्ष ठेवण्याची ही युक्ती आहे.

मादी आपलं सगळं आयुष्य एकाच बिळात काढते. पिल्लू असताना ती बोटाच्या पेराएवढंही नसलेलं बीळ करते आणि स्वतः वाढेल तसं तेच रुंद आणि खोल करत जाते. अंडीही तिथेच. नर काही वर्षांनी वयात आला की पाऊस पडून जमीन ओली झाल्यावर बीळ सोडतो, मादीच्या शोधात फिरतो आणि त्यानंतर फार जगत नाही. पिल्लं आईच्या बिळातून निघतात ती चालत, आणि बहुतेक जवळपासच घर करतात. त्यामुळे आई, मुली, नाती अशी वसाहत एकाच टापूत वाढते. मधे मोठा ओढा, डांबरी रस्ता किंवा नांगरलेलं शेत आलं, की त्यांना पलीकडे जाता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

शेतकऱ्याच्या घरची मुलगी

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात गव्हाचा मोठा पट्टा आहे. पर्थ शहराच्या पूर्वेला साधारण १८० किलोमीटरवर टॅमिन नावाचं छोटं गाव आहे. त्या भागातल्या एका शेतावर बार्बारा यॉर्क ही मुलगी वाढली. तिचा जन्म १९२९ सालचा. तेव्हा तिथे गव्हासाठी मैलोन्‌मैल रान तोडलं जात होतं. शेतांच्या मधेमधे रानाचे तुकडे तेवढे उरले होते, आपल्याकडे बांधाला किंवा देवराईत उरतात तसे. त्या तुकड्यांत या मुलीला जमिनीतली झाकणं दिसू लागली.

पुढे ती पर्थच्या विद्यापीठात शिकली. तिथल्या प्राणिशास्त्र विभागात पीएचडी पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या महिला. लग्नानंतर त्या बार्बारा यॉर्क मेन झाल्या. संसार आणि मुलं सांभाळत त्यांनी कोळ्यांचा अभ्यास चालू ठेवला, आणि आयुष्यभरात कोळ्यांच्या ३४ जातींना शास्त्रीय नाव दिलं. २०१९ मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या.

त्यांनी नाव दिलेल्या सुरुवातीच्या कोळ्यांपैकी एक आपल्या आजच्या गोष्टीतला मुख्य आहे. १९५२ सालची ही गोष्ट, बार्बाराबाई तेव्हा अवघ्या २३ वर्षांच्या होत्या. या कोळ्याच्या पोटाचा मागचा भाग विलक्षण आहे. तो मऊ नसून कडक आहे, आणि मागून सपाट कापल्यासारखा दिसतो. शत्रू बिळात शिरला, तर कोळी डोकं खाली करून बिळाच्या अरुंद भागात उतरतो आणि हा कडक मागचा भाग बुचासारखा घट्ट बसवतो. बाटलीला बूच लागावं तसं बीळ बंद! म्हणून याला ढालपाठी कोळी म्हणतात.

अशा ढालीचा एक कोळी आधीच माहीत होता. त्याला १८७० साली नाव मिळालं होतं. तो पर्थजवळच्या किनारपट्टीत, वाळूच्या जमिनीत राहणारा. बार्बाराबाईंना आतल्या भागात, चिकण मातीत जो सापडत होता, तो काळा होता आणि त्याची ढाल अधिक कणखर होती. तोच कोळी थोडा सावळा झालाय, की ही वेगळीच जात आहे? त्यांनी अभ्यास करून सांगितलं की ही वेगळी जात आहे. नाव दिलं इडिओसोमा निग्रम. इडिओसोमा म्हणजे वेगळ्याच घडणीच्या अंगाचा, आणि निग्रम म्हणजे काळा.

"हा वेगळा आहे" हे ठरतं कसं?

नुसतं "मला वेगळा वाटतो" म्हणून चालत नाही. आपल्या घरात दोन बहिणी असतात, एक गोरी, एक सावळी, म्हणून त्या दोन जातींच्या प्राणी होत नाहीत. रंग, आकार, वजन हे वयाप्रमाणे आणि खाण्याप्रमाणे बदलतं. म्हणून शास्त्रज्ञ न बदलणाऱ्या खुणा शोधतात.

पहिली पायरी नमुन्याची. कोळी मद्यार्काच्या बाटलीत ठेवतात, म्हणजे तो कुजत नाही. बाटलीत एक चिठ्ठी असते: कुठे सापडला, कोणत्या तारखेला, कसल्या जमिनीत, कुणाला. चिठ्ठी नसेल तर नमुन्याची किंमत निम्म्यावर येते. बियाण्याच्या मडक्यावर वाणाचं नाव नसेल, तर ते काय कामाचं, तसंच हे.

दुसरी पायरी सूक्ष्मदर्शकाची. आठ डोळे कसे मांडलेले आहेत, जबड्यावरचे काटे किती, पायांवर काटे कुठे आहेत, हे मोजतात. पण सगळ्यात महत्त्वाचं असतं ते प्रजननाच्या अवयवांची घडण. नराच्या तोंडाजवळ दोन आखूड पायांसारखे अवयव असतात, त्यांच्या टोकाशी बीज देण्याचा भाग असतो. मादीच्या पोटात ते साठवण्याच्या पिशव्या असतात. प्रत्येक जातीत यांची घडण आपली आपली असते. म्हणून अभ्यासकांना वयात आलेला नर हवा असतो, आणि तो तर वर्षातले थोडेच दिवस बिळाबाहेर असतो. कितीतरी कोळी "नर मिळाला नाही" म्हणून वर्षानुवर्षं नावाशिवाय बाटलीत पडून राहतात.

तिसरी पायरी तुलनेची, आणि खरी मेहनत इथे आहे. आधी कुणी याला नाव दिलेलं नाही ना, हे पाहायचं. त्यासाठी जुनी पुस्तकं, जुनी चित्रं आणि वेगवेगळ्या देशांच्या संग्रहालयांतले जुने नमुने तपासायचे. जगातल्या सगळ्या कोळ्यांची एक यादी स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या निसर्ग संग्रहालयातून चालते. त्या यादीने २०२२ साली ५०,००० जातींचा आकडा ओलांडला. आपला कोळी यातल्या कुणाशीच जुळत नाही, असं दाखवून द्यावं लागतं.

आता अलीकडे चौथी पायरी आली आहे, डीएनएची. कोळ्याच्या पायाचा छोटा तुकडा घेऊन त्यातली आनुवंशिक खूण वाचतात. दोन वसाहती किती काळापासून एकमेकींपासून तुटलेल्या आहेत, याचा त्यातून अंदाज येतो.

एवढं झाल्यावर वर्णन, मोजमापं आणि चित्रांसह लेख छापतात. नाव छापलं गेलं की ते जगासाठी पक्कं. नावाचे दोन भाग असतात. मतदार यादीत कसं आडनाव आधी आणि नाव नंतर, तसंच. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्या जातीचा. त्यापुढे नाव देणाऱ्याचं आडनाव आणि साल लिहितात. म्हणून आजही जगात कुणी या काळ्या कोळ्याचं पूर्ण नाव लिहिलं, तर लिहितो: इडिओसोमा निग्रम, मेन, १९५२. टॅमिनच्या शेतावरच्या मुलीचं नाव त्या कोळ्याला कायमचं जोडलं गेलं.

आणखी एक नियम आहे. ज्या एका कोळ्यावरून वर्णन लिहिलं, तो मूळ नमुना संग्रहालयात सांभाळून ठेवायचा. पुढे शंभर वर्षांनी वाद झाला, तर त्या बाटलीशी ताडून पाहायचं. बाजारात वजनांचा तंटा झाला की शेवटी शिक्क्याचं प्रमाण वजन काढतात, तसाच हा प्रकार.

एका नावाखाली अनेक

गोष्ट १९५२ मध्ये संपली असती, तर मी तुम्हाला ती सांगायला बसले नसते.

पुढच्या काळात पश्चिम ऑस्ट्रेलियात दूरदूर ढालपाठी कोळी सापडत गेले. कुणी गव्हाच्या पट्ट्यात, कुणी उत्तरेकडच्या खाणींच्या मुलखात. काळे, कडक ढालीचे. त्यातल्या बऱ्याच जणांना "हा निग्रमच" म्हणून मोजलं गेलं. निग्रम धोक्यात आहे हे सरकारने मान्य केलं होतं आणि कायद्याच्या यादीत त्याचं नाव आलं होतं. पण नकाशावर तो दिसायचा मोठ्या मुलखात पसरलेला.

मग तिथल्या पाच शास्त्रज्ञांनी संग्रहालयातल्या बाटल्या पुन्हा उघडल्या. नवे नमुने गोळा केले, अवयव तपासले, डीएनए वाचला. २०१८ साली त्यांचा अभ्यास छापून आला. या ढालपाठी गटात एकदम १५ नव्या जाती निघाल्या! शेजारशेजारच्या मुलखात राहणारे, वरवर भावंडांसारखे दिसणारे, पण खरे वेगळे. का वेगळे, ते तुम्ही आता सांगू शकाल. पिल्लं चालतच जवळपास जातात, दूर पांगत नाहीत. वसाहती एकमेकींपासून तुटल्या आणि हजारो पिढ्या वेगवेगळ्या वाढल्या.

नव्या नावांतली काही ऐकण्यासारखी आहेत. एकाला क्वोंगान म्हटलं, एकाला जारा. वाळूच्या भागातल्या झुडपी रानाला तिथले मूळ रहिवासी, नूनगार लोक, क्वोंगान म्हणतात, आणि जारा हे तिथल्या मोठ्या झाडाचं त्यांच्याच भाषेतलं नाव आहे. म्हणजे तिथल्या जुन्या लोकांचे शब्द आता जगाच्या शास्त्रीय यादीत गेले.

पण या नव्या नावांचा खरा परिणाम वेगळाच झाला. आपल्याकडे तीन चुली वेगळ्या झालेल्या घराचं रेशनकार्ड अजून एकच असलं की काय होतं? कागदावर एक मोठं, धडधाकट कुटुंब दिसतं. प्रत्यक्षात एखादी चूल अर्धपोटी असते आणि ती कुणाला दिसत नाही. निग्रमचं असंच झालं होतं. वेगवेगळ्या जाती एकाच नावावर मोजल्यामुळे तो आहे त्यापेक्षा खूप पसरलेला दिसत होता. नावं वेगळी केल्यावर कळलं की बार्बाराबाईंनी नाव दिलेला खरा निग्रम गव्हाच्या पट्ट्याच्या एका मर्यादित भागातच आहे. त्याचा धोका वाटला होता त्याहून मोठा निघाला. आणि नव्या जातींपैकीही काहींच्या वाट्याला रानाचे थोडेच तुकडे उरले आहेत. एक वसाहत नांगराखाली किंवा खाणीत गेली, तर "दुसरीकडे आहेत की" असं म्हणायला जागा राहिली नाही. दुसरीकडचे कोळी वेगळ्या जातीचे आहेत.

एक बीळ मोडलं तर

तुम्ही म्हणाल, मोडलं तर कोळी दुसरं बीळ करेल. इथे बार्बाराबाईंचं दुसरं मोठं काम कामी येतं.

१९७४ साली त्यांनी टॅमिनजवळच्या रानाच्या एका तुकड्यात झाकणाच्या कोळ्यांच्या बिळांशेजारी आकड्यांच्या खुंट्या ठोकायला सुरुवात केली. हा कोळी याच कुळातल्या दुसऱ्या जातीचा. दरवर्षी जायचं, प्रत्येक खुंटीपाशी वाकून पाहायचं, झाकण शाबूत आहे का, आत कोळी आहे का. बस्स, एवढंच. पण हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं, आणि शरीर थकल्यावर लिआंडा मेसन या तरुण अभ्यासक मुलीने ते पुढे चालवलं.

खुंटी क्रमांक १६ ची मादी जगतच राहिली. १९८४ मध्ये होती, १९९४ मध्ये होती, २००४ मध्ये होती. शेवटी २०१६ साली झाकणाला भोक पडलेलं आणि बीळ रिकामं आढळलं. बहुधा गांधीलमाशीच्या जातीतल्या एका परजीवी माशीने तिला गाठलं असावं. तेव्हा ती ४३ वर्षांची होती. जगात नोंद झालेला हा सर्वांत दीर्घायुषी कोळी. त्याआधीचा उच्चांक २८ वर्षांचा होता. एवढी वर्षं ती एकाच बिळात राहिली.

म्हणून सांगते, या माद्यांचं बीळ म्हणजे आज मोडलं, उद्या बांधलं असं झोपडं नाही. वयस्क मादीला उघड्यावर आणलं, तर ती सहसा नव्याने संसार मांडत नाही. ट्रॅक्टरचा एक फेरा दहा मिनिटांत चाळीस वर्षांचं घर संपवतो. ती जागा भरून यायची तर शेजारच्या वसाहतीतून पिल्लू चालत यायला हवं, आणि मधे शेत असेल तर ते येत नाही.

गव्हाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनाही रान तोडल्याची किंमत मोजावी लागली. खोल मुळांची झाडं गेली, जमिनीतलं पाणी वर चढलं, आणि त्याबरोबर मीठ वर आलं. क्षारपड जमीन म्हणजे काय, हे आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या बायकांना सांगायला नको. आपल्याकडे ती पाटपाण्याच्या अतिरेकाने होते, तिथे झाडं गेल्याने झाली. ज्या तुकड्यांत मूळ रान उरलं, तिथेच झाकणाचे कोळी उरले. म्हणून तिथले अभ्यासक म्हणतात, हा कोळी आहे म्हणजे जमीन बऱ्याच काळापासून शाबूत आहे.

आपल्या गावात

याच कुळातले कोळी आपल्या सह्याद्रीतही राहतात. ओढ्याकाठची दरड, जुन्या पायवाटेची कड, देवराईतली न खणलेली माती ही त्यांची आवडती ठिकाणं. भारतातल्या जमिनीत राहणाऱ्या कोळ्यांवर मंजू सिलीवाल या अभ्यासक बाईंनी मोठं काम केलं आहे, आणि पश्चिम घाटातून आजही नव्या जातींची नावं जाहीर होत असतात. म्हणजे आपल्या पायाखालची यादी अजून पूर्ण झालेली नाही.

यात आपण काय करू शकतो? शास्त्रीय नाव देणं हे अभ्यासकांचं काम. पण पाहणं आणि टिपून ठेवणं, हे आपल्याला येतं. सरपणाला, शेळ्यांमागे, रानभाजीला आपण जिथे जातो, तिथे अभ्यासक वर्षातून एखादा दिवस येतात.

झाकणाचं बीळ दिसलं तर ते खणू नका, काडी घालू नका, कोळ्याला हात लावू नका आणि बाटलीत भरून आणू नका. मोबाईलवर फोटो काढा. शेजारी एखादं नाणं ठेवलं तर आकार कळतो. तारीख, जागेचं नाव, माती कसली, सावली होती की उघडा माळ, हे वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा जाऊन पाहा. खुंटी क्रमांक १६ ची गोष्ट अशाच साध्या नोंदींनी घडली.

आणि या नोंदी द्यायच्या कुठे? २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे आपल्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावातली झाडं, बियाणी, औषधी वनस्पती, पशुपक्षी, किडामुंगी सगळं तिच्यात यायला हवं. समितीत महिलांसाठी जागा असतात. आपल्या गावच्या समितीत कोणत्या बायका आहेत, नोंदवही शेवटची कधी उघडली, तिच्यात कुणाचं म्हणणं लिहिलं आहे, हे ग्रामसभेत विचारा. गटाच्या पुढच्या बैठकीत दोघीतिघींनी मिळून गावातल्या न नांगरलेल्या जागांची यादी केली, तरी सुरुवात झाली. गायरान, देवराई, ओढ्याची कड, जुना बांध. उद्या तिथे रस्ता किंवा खाण यायची म्हटली, तर "तिथे काही नाही, पडीक जमीन आहे" असंच आधी बोललं जातं. तिथे काय आहे ते आपल्या वहीत आधीच लिहिलेलं असलं, तर उत्तर देता येतं.